पुढच्या शॉकअपमधले तेल : कोणते, किती आणि केव्हा?



आपल्या अंकाच्या या पानावर आम्ही एरवी बेणे, खते, पाणी आणि कीड-रोग यांविषयी लिहीत असतो. या वेळी विषय मोटारसायकलचा घेतला आहे, आणि त्याला कारणही तसेच आहे. पूर्वी जी कामे सायकलवर आणि बैलगाडीने होत, त्यांतली निम्मी-अधिक आज मोटारसायकलवर होतात. डेअरीला दूध घालणे, वाढ्यांचा भारा आणणे, दुकानातून औषधाचे डबे आणणे, मुलांना शाळेत पोचवणे आणि रात्रीच्या पाळीला विहिरीवरची मोटार चालू करायला जाणे, या सगळ्याला गाडी लागते. आपले शेतकी कर्मचारीही ऊसनोंदीसाठी दिवसभर गाडीवरच असतात.

गळिताच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पाणंदींना खोल चाकोऱ्या पडतात. त्यात कोठे पाट फुटून चिखल झालेला असतो. अशा वाटेवर पुढचे चाक जमिनीला धरून राहिले तरच हँडल आणि ब्रेक आपल्या हातात राहतात. चाक उडाले की दोन्ही गेले. चाक जमिनीला धरून ठेवण्याचे काम पुढचा शॉकअप करतो, आणि त्याचे निम्मे काम त्यातले तेल करते. म्हणून हा विषय केवळ मेस्त्रीवर सोडून देण्यासारखा नाही.

गटात फिरताना आम्हाला नेहमी एक प्रश्न विचारला जातो. "साहेब, पुढचं शॉकअप लई बसतंय. मेस्त्री म्हणतो जाड तेल टाकू. टाकू का?" बहुतेक वेळा या प्रश्नाचे उत्तर 'नको' असे आहे. ते का, हे सभासदांनी समजून घ्यावे म्हणून हा लेख आहे.

स्प्रिंगचे काम वेगळे, तेलाचे वेगळे

पुढच्या चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक पाय असतो. त्यात वरची चकचकीत नळी खालच्या जाड नळीत सरकते. आत लांब स्प्रिंग असते आणि तळाला तेल असते. साध्या गाड्यांत खालच्या नळीच्या तळापासून एक पोकळ दांडी वर आलेली असते व तिला बारीक भोके असतात. चाक खड्ड्यातून वर आले की नळ्या एकमेकींत शिरतात आणि तेलाला त्या भोकांतून वाट काढावी लागते. चाक परत खाली जाताना तेलाला उलट्या दिशेने, त्याहूनही अरुंद वाटेने जावे लागते. या अडथळ्यामुळे नळ्यांची हालचाल सबुरीने होते. औषध फवारणीच्या पंपाचा दट्ट्या जोरात दाबला तर हाताला जड लागतो आणि हळू दाबला तर हलका जातो. तत्त्व तेच आहे.

१९३५ साली जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने आर-१२ या गाडीला तेलाने उसळी आवरणारा दोन नळ्यांचा फोर्क बसवला. बाजारात विकल्या जाणाऱ्या गाडीला असा फोर्क मिळण्याची ती सुरुवात होती. त्यानंतर सुधारणा पुष्कळ झाल्या, परंतु आपल्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत मूळ कल्पना आजही तीच आहे. चेतकसारख्या जुन्या स्कूटरला मात्र पुढे दोन नळ्यांचा फोर्क नव्हता, त्यामुळे हा लेख तिला लागू नाही.

आता मुख्य मुद्दा. ओझे पेलते ती स्प्रिंग, आणि उसळी आवरते ते तेल. गाडी उभी असताना तेल काहीच ओझे घेत नाही. तुम्ही गाडीवर बसल्यावर पुढचा भाग किती खाली बसेल, हे स्प्रिंग ठरवते. त्यात पाण्यासारखे पातळ तेल घाला की काकवीसारखे जाड घाला, गाडी अखेर तेवढीच बसणार. जाड तेलाने ती बसायला थोडा अधिक वेळ लागेल, एवढाच फरक. तेव्हा 'शॉकअप बसतोय' या तक्रारीवर जाड तेल हा इलाज नव्हे. त्यासाठी स्प्रिंगची लांबी तपासून घ्यावी. ती थकली असेल तर बदलावी किंवा गाडीला योग्य अशी कडक स्प्रिंग घ्यावी. शिवाय दुधाच्या कॅनचे ओझे मागच्या चाकावर येते. त्यासाठी बहुतेक गाड्यांच्या मागच्या शॉकअपला खाचा असतात. पान्याने एक-दोन खाचा वाढवल्या की काम होते.

मग तेल नसले तर काय होईल? स्प्रिंग दबताना जी शक्ती साठवते, ती तशीच परत फेकते. मग चाक चेंडूसारखे उड्या मारू लागेल. ही शक्ती तेल शोषून घेते आणि तिची उष्णता होते. तेलाचे आणखी एक काम आहे. सरकणाऱ्या नळ्या, बुश आणि सील यांना ते ओलावा देते. त्यामुळे तेल हलके निघाले तर झीजही वाढते.

जाड तेलाने काय होते?

जाड तेल भोकांतून लवकर जात नाही. वेग वाढला की हा अडथळा चढत्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर अडथळा दुपटीहून पुष्कळ अधिक होतो. म्हणून सपाट रस्त्यावर गाडी 'टाईट झाली' असे वाटून बरे वाटते. परंतु धारदार खड्डा किंवा दगड आला की शॉकअप दबायला वेळच मिळत नाही आणि दणका सरळ मनगटात जातो.

याहून वाईट गोष्ट लागोपाठच्या खाचांवर घडते. पहिल्या खाचेवर शॉकअप दबतो. जाड तेलामुळे तो सावकाश उघडतो. पुरता उघडण्याआधी दुसरी खाच येते, मग तिसरी. प्रत्येक वेळी तो थोडा अधिक दबलेलाच राहतो आणि शेवटी दबायला जागाच उरत नाही. मग चाक जमिनीवरून उडत जाते. ट्रॉल्यांनी उखडलेल्या पाणंदीत नेमकी अशीच लागोपाठची खाच असते. ओल्या चाकोरीत या अवस्थेत पुढचा ब्रेक दाबला तर चाक घसरून गाडी आडवी होते. मागे बाई आणि टाकीवर मूल बसलेले असेल तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

उलट, तेल फार पातळ झाले किंवा कमी पडले तर एका खड्ड्यानंतर गाडीचे तोंड दोन-तीनदा वरखाली होते. ब्रेक लावताच पुढचा भाग झपकन खाली जातो आणि तळाला 'टक्' असा आवाज येतो. दोन्ही टोके वाईटच. पीक जसे पाण्याने कुजते तसे पाण्यावाचून वाळतेही. येथेही मापच महत्त्वाचे आहे.

डब्यावरचा आकडा कसा वाचावा?

शॉकअपचे तेल 'फोर्क ऑईल' या नावाने मिळते. डब्यावर ५ डब्ल्यू, १० डब्ल्यू, १५ डब्ल्यू, २० डब्ल्यू असे लिहिलेले असते. आकडा लहान तेवढे तेल पातळ आणि मोठा तेवढे जाड. डब्ल्यू हे अक्षर इंग्रजीतील हिवाळ्याच्या शब्दाचे आद्याक्षर असून ते इंजिनाच्या तेलाच्या पद्धतीतून आले आहे.

येथे एक गोम आहे. खताच्या गोणीवर १०:२६:२६ लिहिले असेल तर कंपनी कोणतीही असो, नत्र १० टक्के, स्फुरद २६ टक्के आणि पालाश २६ टक्के असलेच पाहिजे. खत नियंत्रण आदेशाने ते बांधून दिले आहे. फोर्क ऑईलच्या डब्यावरचा '१० डब्ल्यू' हा आकडा असा काटेकोर बांधलेला नाही. एका कंपनीचे १० डब्ल्यू दुसऱ्या कंपनीच्या १५ डब्ल्यूच्या जवळ जाऊ शकते. म्हणून नुसत्या त्या आकड्यावर विसंबू नये.

खरा आकडा 'सेंटिस्टोक' या मापात असतो. तेलाचा दाटपणा ४० अंश सेल्सिअस तपमानाला किती, हे त्यावरून कळते. अंदाज यावा म्हणून सांगतो. साध्या पाण्याचा दाटपणा २० अंशांला सुमारे १ सेंटिस्टोक असतो. बाजारातली १० डब्ल्यू नावाची फोर्क ऑईल ४० अंशांला तीस-बत्तिसापासून चाळिशीच्या पुढेपर्यंत आढळतात. म्हणजे नाव एकच, परंतु दाटपणात चौथाई-तिहाईचा फरक. डब्यावर हा आकडा नसेल तर कंपनीच्या तांत्रिक पत्रकात असतो. आता ही पत्रके मोबाईलवरही पाहता येतात. घरातल्या शिकत्या मुलाला सांगितले तर दोन मिनिटांत काढून देईल.

तेव्हा निवडीचा क्रम असा ठेवावा. प्रथम गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका पाहावी. तीत तेलाचे नाव, दर्जा आणि माप दिलेले असते. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचे मॉडेल आणि साल सांगून विचारावे. तेच तेल मिळाले तर प्रश्नच मिटला. ते न मिळता दुसऱ्या कंपनीचे घ्यावे लागले, तर सेंटिस्टोकचा आकडा जुळवून घ्यावा.

पुस्तिकेप्रमाणे तेल, योग्य माप आणि चांगली स्प्रिंग असूनही गाडी उसळत असेल, तरच एक पायरी जाड तेलाचा विचार करावा. एकदम १० वरून २० वर उडी घेऊ नये. एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे १० आणि १५ चे तेल निम्मे-निम्मे मिसळले तर साधारण मधला दाटपणा मिळतो. निरनिराळ्या कंपन्यांची तेले मात्र एकत्र करू नयेत. त्यांतील रसायने एकमेकांशी जुळतीलच असे नाही.

थंडी आणि ऊन

काकवी कढईतून काढताना तिची धार लागते आणि तीच थंड झाली की पळीला चिकटून बसते, हे गुऱ्हाळ पाहिलेल्यांना सांगायला नको. तेलाचेही तसेच आहे. ४० अंशांला ३२ सेंटिस्टोक असलेले साधे तेल २० अंशांला ऐंशीच्या आसपास जाते, म्हणजे जवळजवळ अडीच पट जाड होते. पौषातल्या पहाटे तपमान त्याहूनही खाली उतरते आणि नेमके तेव्हाच दूध घालायला निघायचे असते. पहिले एक-दोन किलोमीटर शॉकअप कडक वाटतो तो यामुळेच. त्या वेळी गाडी सावकाश चालवावी.

काही तेले थंडी-उन्हात कमी बदलतात. हा गुण 'व्हिस्कॉसिटी इंडेक्स' म्हणजे व्ही.आय. या आकड्याने दाखवतात. साध्या तेलाचा व्ही.आय. शंभराच्या आसपास असतो, तर चांगल्या फोर्क ऑईलचा दीडशेच्या पुढे. सेंटिस्टोक सारखे असलेल्या दोन तेलांपैकी व्ही.आय. अधिक असलेले तेल आपल्याकडच्या हवेला बरे.

ही तेले घालू नयेत

पैसे वाचवण्यासाठी घरात असेल ते तेल ओतण्याची पद्धत आहे. ती सोडावी.

इंजिन ऑईल : २०डब्ल्यू-४० हे इंजिनाचे तेल ४० अंशांला शंभर सेंटिस्टोकच्या पुढे असते, म्हणजे १० डब्ल्यू फोर्क ऑईलच्या जवळजवळ तिप्पट जाड. जुन्या काही विलायती गाड्यांच्या पुस्तिकेत शॉकअपला इंजिनाचेच तेल सांगितलेले असे, हे खरे. परंतु त्या गाड्यांची भोके त्या तेलाच्या हिशेबाने पाडलेली होती. आजच्या गाडीला तो न्याय लागू नाही. आणि इंजिनातून काढलेले काळे तेल तर कधीच घालू नये. त्यातील बारीक कीस नळी आणि सील खातो.

ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑईल : हे निरनिराळ्या दाटपणाचे येते आणि पुष्कळदा शॉकअपच्या मानाने जाड असते. शिवाय ते बारीक भोकांतून सतत वरखाली होण्यासाठी बनवलेले नसते. शॉकअपमध्ये तेलाला फेस आला की तेलाऐवजी बुडबुडे भोकांतून जातात आणि आवर सुटतो. फोर्क ऑईलमध्ये फेस न येण्यासाठी खास द्रव्य घातलेले असते.

ब्रेक ऑईल : हे नावापुरतेच ऑईल आहे. ते शॉकअपच्या रबरी सीलला फुगवते आणि रंगही खाते. चुकूनही घालू नये.

सुटे तेल : जुन्या बाटलीत भरून मिळणारे, शिक्का नसलेले तेल घेऊ नये. दोन्ही नळ्यांना मिळून अर्ध्या लिटरच्या आत तेल लागते. त्याची किंमत एका मिश्रखताच्या गोणीपेक्षा पुष्कळ कमी असते. तेथे काटकसर करून उपयोग नाही.

किती घालावे?

शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीला एका नळीत साधारण दीडशे ते दोनशे मिलिलिटर तेल लागते. नेमका आकडा पुस्तिकेतला घ्यावा. तो अंदाजाने ओतू नये, मोजपात्राने मोजावा. औषधाच्या बाटलीचे टोपण मोजणारा आपला शेतकरी शॉकअपला मात्र 'हं, बस्स' म्हणून ओतून घेतो, हे बरे नव्हे.

मापाला एवढे महत्त्व का? तेलाच्या वर नळीत हवा कोंडलेली असते आणि ती दुसऱ्या स्प्रिंगसारखे काम करते. तेल जास्त झाले की हवेला जागा कमी उरते. मग शेवटच्या टप्प्यात शॉकअप दगडासारखा होतो आणि दाबाने सील फुटते. तेल कमी पडले की तळाला ठोके बसतात आणि तेलात हवा मिसळते. दोन्ही नळ्यांत माप सारखेच हवे, नाही तर फोर्क पिळवटतो.

काही पुस्तिकांत मिलिलिटरऐवजी तेलाची उंची दिलेली असते. ती बहुधा स्प्रिंग काढून आणि नळी पूर्ण दाबून, वरच्या काठापासून तेलापर्यंत मोजायची असते. मोजण्यापूर्वी नळी आठ-दहा वेळा सावकाश वरखाली करून आतली हवा काढावी. लक्षात ठेवा, वरच्या बोल्टखाली स्प्रिंग दाबून बसवलेली असते. सवय नसताना तो बोल्ट उघडला तर उडून तोंडावर येतो. हे काम मेस्त्रीकडूनच करून घ्यावे, पण समोर उभे राहून. पुढे उलटे फोर्क असलेल्या नव्या, महागड्या गाड्या तर सर्व्हिस सेंटरलाच न्याव्यात.

दोष तेलातच आहे ना?

तेलाला दोष देण्याआधी टायरची हवा पाहावी. हवा जास्त असली तरी दणके बसतात. नंतर पुढचे चाक उचलून हँडल हलवून पाहावे. खडखड आली किंवा मधोमध अडकले तर कोनसेट गेलेला असतो. त्यानंतर पुढील परीक्षा घरच्या घरी करता येते.

गाडीवर बसून पुढचा ब्रेक धरावा, हँडल जोराने खाली दाबावे आणि सोडावे. पुढचा भाग एकदा वर येऊन थांबला तर ठीक. दोन-तीनदा हेलकावला तर तेल संपत आले आहे किंवा खराब झाले आहे. वर यायला फार वेळ लागला तर तेल जाड आहे किंवा नळी वाकलेली आहे.

स्प्रिंगची परीक्षा वेगळी. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे. चकचकीत नळीला सीललगत बारीक दोरा घट्ट बांधावा. मग गाडी खाली घेऊन, कोणाला तरी धरायला सांगून, नेहमीच्या ओझ्यासह सावकाश बसावे व उतरावे. पुन्हा चाक अधांतरी करून दोरा सीलपासून किती सरकला ते मोजावे. आपल्या गाड्यांची पूर्ण चाल साधारण चार-पाच इंच असते. दोरा एक ते दीड इंच सरकला तर स्प्रिंग ठीक आहे. त्याहून बराच जास्त सरकला तर स्प्रिंग थकली आहे. तेथे तेल बदलून काही होणार नाही.

चकचकीत नळीवर तेलाचे ओले कडे दिसले तर सील गळते आहे. त्यात आणखी तेल भरत बसू नये. हे तेल ओघळून ब्रेकवर गेले तर ब्रेक लागत नाही. सील ताबडतोब बदलावे. नळीला गंजाचे खड्डे पडले असतील तर नवे सीलही फार दिवस टिकत नाही, म्हणून नळी तपासूनच सील घालावे. चिखल आणि पाचटाची राख नळीवर वाळू देऊ नये. संध्याकाळी ओल्या फडक्याने एक हात फिरवावा, सीलचे आयुष्य वाढते.

केव्हा बदलावे?

पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरनंतर बदलावे. तसे दिलेले नसेल तर आपल्याकडच्या रस्त्यांचा विचार करता दोन वर्षांतून एकदा बदलावे, असा आमचा सल्ला आहे. गाडी पुरात किंवा ओढ्यात बुडाली असेल तर वाट न पाहता बदलावे. काढलेले तेल काळे-करडे, दुधाळ किंवा कुजट वासाचे असेल तर ते उशिरा बदलले असे समजावे. गळीत सुरू होण्याआधी दसऱ्याला आपण गाडी धुऊन पूजतो. त्याच सुमारास हे काम उरकले तर पुढचा खराब रस्त्याचा हंगाम निर्धास्त जातो. काढलेले तेल पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नये, डब्यात भरून गॅरेजला द्यावे.

थोडक्यात ध्यानात ठेवावे असे

१. ओझे स्प्रिंग पेलते, तेल फक्त उसळी आवरते. गाडी बसते म्हणून जाड तेल घालू नये.
२. पुस्तिकेतले तेल घ्यावे. कंपनी बदलली तर ४० अंशांचा सेंटिस्टोक आकडा जुळवावा.
३. बदल करायचाच तर एका वेळी एकच पायरी.
४. माप मोजून घ्यावे आणि दोन्ही नळ्यांत सारखे ठेवावे.
५. इंजिन, ट्रॅक्टर आणि ब्रेकचे तेल शॉकअपला चालत नाही.
६. सील गळू लागले की गाडी बाहेर काढू नये, आधी दुरुस्त करावी.

उसाला आपण माती तपासून खत देतो. गाडीलाही तपासूनच तेल द्यावे, एवढेच आमचे सांगणे आहे. पुढील अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापनाची माहिती देऊ. कळावे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते